वाडीवरच्या पेशंटसोबत सरकारी दवाखान्यात जायचं असेल तर

कातकरवाडीवरची, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीतली, एखादी बाई आजारी आहे, तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचंय आणि सोबत तुम्ही जाणार आहात, तर निघण्याआधी हे वाचून घ्या. मी पेण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. शाळेत न येणाऱ्या पोरांची चौकशी करायला वाडीवर जायचे आणि बऱ्याचदा पोराऐवजी त्याच्या आईलाच घेऊन खाली उतरायचे. निवृत्तीनंतर तेच काम वाढत गेलं.

सोबत जाणारे आपण काही डॉक्टर नसतो. औषध तेच, डॉक्टर तेच, रांग तीच. तरी आपण बरोबर असलो की काम लवकर होतं. असं का होतं, ते आधी नीट पाहा, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे.

मी खिडकीपाशी गेले की आतला माणूस ओळखीचा निघतो, नाहीतर त्याच्या ओळखीचा कुणी माझा विद्यार्थी निघतो. सोनोग्राफीचे डॉक्टर कुठल्या वारी येतात ते मला ठाऊक असतं. नात्यातलं कुणीतरी एखाद्या लॅबमध्ये असतंच, तिला फोन लावून रिपोर्टचा अर्थ विचारता येतो. फोनमध्ये बॅलन्स असतो, पर्समध्ये रिक्षाचे पैसे असतात. दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं तर माझी मजुरी बुडत नाही. यातलं काहीही मी शिकून किंवा कष्टाने मिळवलेलं नाही. घरातून, आळीतून, आडनावातून आयतं आलंय. कातकरी बाईचा आजार माझ्यासारखाच असतो, फक्त तिच्या आजूबाजूला यातलं काहीच नसतं. आपण सोबत जातो म्हणजे ही आयती मिळालेली सोय तिला तेवढ्यापुरती उसनी देतो. उपकार म्हणून गेलात तर चिडचिड होईल. ही सोय मुळात तिचीही असायला हवी होती असं समजून गेलात तर डोकं शांत राहील.

निघण्याआधी

आज जायचं की नाही, हे तिने ठरवायचं. "आज नको" म्हणाली की आपण लगेच घाबरवायला लागतो. आधी विचारा की आज काय आहे. रेशन दुकान आजच उघडणार असतं, मुकादम वीटभट्टीच्या कामाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायला येणार असतो, धाकटं पोर सांभाळायला कुणी नसतं. मुलांची आणि चुलीची सोय लागली की बहुतेक बाया स्वतःहून निघतात. ताप उतरत नाही, अंगावरून जातंय, पोटातलं मूल हलत नाही, झटका आला, अशा वेळी मात्र वाट बघायची नाही. १०८ लावा. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ आहे. वाडीपर्यंत रस्ता नसेल तर झोळी करून डांबरी रस्त्यावर आणावं लागतं. म्हणून फोन करताना गाडी नेमकी कुठे थांबवायची ती खूण आधी सांगा. इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा बचाव पथकांना डोंगर पायी चढावा लागला, हे सगळ्या राज्याने पाहिलं. ती वाडी ठाकर आदिवासींची होती. अशा वाड्यांवरची माणसं तापातही त्याच वाटेने उतरतात.

आता कागद. आधार, रेशनकार्ड, गरोदर असेल तर माता-बाल कार्ड, बँकेचं पासबुक आणि जुने केसपेपर हे सगळं एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पावसाळ्यात कुडाच्या घरात कागद टिकत नाहीत, त्यामुळे झेरॉक्सचा एक संच तुमच्याकडे किंवा आशाताईंकडे ठेवा. नावं ताडून बघा. आधारवर मंगळी, रेशनकार्डावर मंगल, केसपेपरवर मंगला असं सर्रास असतं, कारण तिचं नाव दर वेळी दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं असतं. खिडकीवर आधारप्रमाणेच नाव घालायला सांगा. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात दवाखान्यातल्या बाळंतपणाला ७०० रुपये मिळतात, ते खात्यात जमा होतात. नावातली एक मात्रा चुकली तरी पैसे अडकू शकतात.

पण तातडीच्या वेळी कागद शोधत बसू नका. जीव वाचवण्याचा उपचार आधी करायचा, बाकीच्या गोष्टी नंतर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कुणी कागदांवरून अडवलं तर शांतपणे हेच सांगा.

डॉक्टरांसमोर

माझ्या मते सगळ्यात जास्त तयारी इथे लागते, आणि ती आदल्या दिवशी वाडीवरच करायची.

एक उदाहरण सांगते. गरोदर बाईला पहिला प्रश्न येतो, "शेवटची पाळी कधी आली?" ती गप्प. दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात विचारलं की ती खाली बघते. मग कार्डावर "माहीत नाही" असं लिहिलं जातं. तिला माहीत असतं, पण तारखेत नाही. आदल्या संध्याकाळी तिच्या शेजारी बसून मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की भट्टीवरून परत आलो, नदीला पहिलं पाणी आलं, त्यानंतर एकदा आली, लावणीला गेलो तेव्हा आली नाही. दिनदर्शिका उघडून आम्ही दोघींनी बोट फिरवलं. पहिला मोठा पाऊस, शाळा उघडल्याचा दिवस, गटारीची अमावास्या. पाच-सात दिवसांच्या फरकाने तारीख निघाली. ती चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी तिच्याच हातात दिली. या तारखेवरच बाळंतपणाची तारीख ठरते. सातव्या महिन्यात कळा आल्या की नवव्या, मूल कमी दिवसांचं की पोषण कमी पडल्यामुळे लहान, हे त्यावरूनच कळतं. मला कुणी तारीख विचारली असती तर डायरी काढून सांगितली असती. तिचा हिशोब पावसाचा आणि कामाचा आहे. दोन्ही हिशोब बरोबरच, फक्त कार्डावर रकाना माझ्या हिशोबाचा छापलेला आहे.

दुसरं, सांगायच्या तीन गोष्टी तिच्याकडून आधी म्हणून घ्या. काय होतंय, केव्हापासून होतंय, आधी काय घेतलं. डॉक्टरांसमोर कातकरी बायका बऱ्याचदा प्रत्येक प्रश्नाला हो म्हणतात. नाही म्हटलं की ओरडा बसतो, हा त्यांचा अनुभव असतो.

आत गेल्यावर स्टुलावर तिला बसवा, तुम्ही मागे उभं राहा. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागतील, कारण तुमची भाषा आणि कपडे त्यांच्या ओळखीचे असतात. "यांनाच विचारा, मला यांच्याइतकं माहीत नाही," एवढं म्हटलं की पुरतं. तिला कातकरी बोलीत सांगायचं असेल तर वाडीतली शाळेत जाणारी एखादी मुलगी सोबत घ्या. आपण अंदाजाने अर्थ लावू नये. आणि तिच्याशी बोलताना सगळ्यांदेखत "अहो, तुम्ही" म्हणा. तिला "ए, इकडे ये" म्हणणाऱ्या सिस्टरही थोड्या वेळाने "अहो" वर येतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

"इतके दिवस काय करत होतीस?" हा प्रश्न येणारच. "अडाणी आहेत हो" म्हणून तुम्ही मध्ये पडू नका. खरं उत्तर द्या. भट्टीवर होती, उचल फिटल्याशिवाय मुकादमाने सोडलं नाही. या उत्तराने उपचार बदलतो. आठ दिवसांत ती परत भट्टीवर जाणार हे कळलं तर डॉक्टर महिन्याच्या गोळ्या एकदम देऊ शकतात, रक्ताची तपासणी आजच करून घेतात, जमेल तिथे कमी फेऱ्या लागतील असं औषध निवडतात.

"त्यांची पद्धतच तशी" असं कुणी म्हटलं की

रांगेत, चहाच्या टपरीवर, आपल्याच घरात हे वाक्य ऐकू येईल. व्यसन करतात, भगताकडे जातात, गोळ्या पुऱ्या घेत नाहीत. यातल्या काही गोष्टी खऱ्या असतात. पण आमच्या आळीतही साखर वाढलेली असताना श्रीखंड खाणारे आहेत, बीपीची गोळी मध्येच सोडणारे आहेत, ऑपरेशनच्या आधी पत्रिका दाखवणारे आहेत. त्यांच्या चुकीचा दोष त्यांच्या जातीवर कुणी टाकत नाही, आणि चूक झाली तरी ते सावरतात, कारण दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायला त्यांच्या दारात गाडी असते.

आकडेही बोलण्यात ठेवा. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये आदिवासी आरोग्याचा अहवाल दिला. त्यात देशातल्या आदिवासींचं सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षं आणि सर्वसाधारण लोकसंख्येचं ६७ वर्षं असा अंदाज आहे. क्षयरोगाचं प्रमाण लाखामागे ७०३, तर बाकीच्यांत २५६. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत वयाच्या मानाने उंची खुंटलेली पाच वर्षांखालची मुलं देशात ३५.५ टक्के आढळली, अनुसूचित जमातींत जवळपास ४१ टक्के. व्यसनाने तीन वर्षांच्या पोराची उंची खुंटत नाही. गरोदरपणात आईच्या ताटात काय होतं, बाळ जन्मल्यावर ती किती दिवसांनी कामाला गेली, पाणी कुठलं प्यायली, त्याने ती खुंटते.

हेही लक्षात असू द्या, की "अनुसूचित जमाती" या एका रकान्यात सगळे एकाच पायरीवर नाहीत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात. वाडीची जमीनही पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर असते, म्हणून घराचा उतारा नाही, आणि उतारा नाही म्हणून पुढचा दाखला अडतो. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा दर हंगामात दुसऱ्या रानात कोळसा पाडत होते, त्यांनी तो कुठून आणायचा? त्यातून रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात येत नाही. आदिवासींसाठीच्या काही योजना माणसाशी नाही, नकाशातल्या हद्दीशी बांधलेल्या असतात. म्हणून पालघरच्या बहिणीला मिळालं ते इथे मिळेलच असं सांगून बसू नका; पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आधी विचारा. विशेष असुरक्षित जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम-जनमन योजनेत घरं, रस्ते, अंगणवाडी, फिरतं आरोग्य पथक हे सगळं आहे. वाडीचं नाव त्या यादीत आहे का, हेही तिथेच कळेल.

"पुढे न्या" म्हटल्यावर

इथे माणसं गळतात. प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याला, तिथून मुंबईला. प्रत्येक टप्प्यावर नवी खिडकी, नवी बोली, परतीचं भाडं. वाडीवरची निम्मी भीती मुंबईची असते, तिथे नेलं की माणूस परत येत नाही अशी. ही भीती खोटी म्हणून उडवून लावू नका. इतक्या उशिरा पोचलेले पेशंट खरंच दगावतात, आणि वाडीने ते पाहिलेलं असतं.

रेफरची चिठ्ठी हातात घेतल्याशिवाय निघू नका. तिच्यावर वेळ, बीपी, हिमोग्लोबिन, दिलेली इंजेक्शनं आणि का पाठवतोय ते कारण असायला हवं. पुढच्या दवाखान्यात फोन करून कळवायची विनंती करा. डॉक्टरने डॉक्टरला केलेल्या एका फोनने तिथला तासभर वाचतो. गाडी सरकारी मागा. गरोदर बाईला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी परत सोडणं हे सगळं मोफत आहे.

रक्ताचं वेगळं सांगते. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलेल्या गरोदर बाईला रक्त लागतं तेव्हा बऱ्याच ठिकाणी नातेवाइकांना "डोनर आणा" सांगतात. आमच्या घरात तसं सांगितलं तर तासाभरात भाचे, शेजारी, गणेश मंडळाची पोरं उभी राहतील. तिच्याबरोबर आलेला नवरा स्वतः हडकलेला असतो, आणि बाकीची वाडी कामावर असते. अशा वेळी "या कार्यक्रमात रक्त मोफत आहे, बदली रक्ताची अट घालू नका" हे सांगायचं काम तुमचं. आणि गावातल्या मंडळाने शिबिर घेतलं असेल तर त्याची आठवण रक्तपेढीला करून द्या. खाजगी दवाखान्यात जायची वेळ आलीच तर तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते बघा आणि आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखीव असतात. समाजसेवकाची खोली शोधा, खिडकीवर हे कुणी आपणहून सांगत नाही.

ॲडमिट झाल्यावर

"पळून गेली" असा शेरा वाडीवरच्या पेशंटच्या कागदावर फार दिसतो. पळण्यामागे बहुतेक वेळा जेवण असतं. पेशंटला जेवण मिळतं, सोबतच्या माणसाला नाही. दोन दिवस ती आपल्या ताटातलं अर्धं त्याला देते, तिसऱ्या दिवशी दोघं निघतात. त्यामुळे फळं आणि बिस्किटं नेण्याऐवजी सोबतच्या माणसाच्या दोन वेळच्या जेवणाची सोय लावा. घरी राहिलेल्या मुलांचा निरोप रोज तिच्यापर्यंत पोचवा, फोनवर आवाज ऐकवा. कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात असेल, म्हणजे दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेलं, तर आईला बुडीत मजुरी मिळते. ती तिला पहिल्याच दिवशी सांगा, शेवटच्या दिवशी नव्हे.

घरी सोडताना गोळ्यांची पाकिटं तिच्यासमोर मांडा. सूर्याचं चित्र सकाळसाठी, चंद्राचं रात्रीसाठी, हे बऱ्याच सिस्टर करून देतात. "जेवणानंतर तीनदा" असं लिहिलेलं असेल तर ती किती वेळा जेवते ते डॉक्टरांना सांगा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, हेही सांगा. वाडीवर सकाळी पोटात पहिला कोरा चहाच जातो.

दिवाळीच्या आत

दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. वीटभट्टीला, कोळशाच्या भट्टीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणून वर्षातलं महत्त्वाचं काम नवरात्र ते दिवाळी या दिवसांत उरकायचं. गरोदर बायांची तपासणी, बाळांच्या लसी, माता-बाल कार्डाची झेरॉक्स, रेशनकार्ड दुसऱ्या गावच्या दुकानावर चालतं याची माहिती. क्षयरोगाचा पेशंट असेल तर त्याचा निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरोगाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, पाठ करून घ्या किंवा पिशवीत चिकटवा. त्या क्रमांकावर देशात कुठल्याही सरकारी केंद्रात उपचार पुढे चालू राहतो आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. भट्टी कुठल्या गावात आहे ते विचारून तिथल्या आशाताईंचा नंबर काढा. हे करायला एक दुपार पुरते. नाही केलं तर उपचार मध्येच तुटतो, मग तोच क्षयरोग औषधाला दाद न देणारा होऊन मे महिन्यात वाडीवर परत येतो.

तक्रार करायची झाली तर

पेशंट वॉर्डात असताना आवाज चढवू नका. तुम्ही संध्याकाळी घरी जाल. रात्री त्याच सिस्टरला हाक मारायची पाळी तिच्यावर येणार आहे. ती सिस्टरही एकटीच सगळा वॉर्ड सांभाळत असते. आधी वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. नाही जमलं तर लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, प्रत ठेवा. रुग्ण कल्याण समितीतले गावचे प्रतिनिधी कोण ते शोधा. जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण त्या वाटेने जायचं की नाही हे तिने आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचं. तुम्ही फक्त वाट दाखवायची आणि त्यांनी ठरवलं तर शेवटपर्यंत सोबत राहायचं.

हळूहळू मागे सरका

पहिल्या वेळी खिडकीवर तुम्ही बोलाल. दुसऱ्या वेळी तिला पुढे करा, तुम्ही दोन पावलं मागे. केसपेपरला काय विचारतात, रक्ताची खोली कुठे, औषधं कुठे मिळतात हे तिला एकदा चालवून दाखवा, मग तिलाच दुसऱ्या बाईला दाखवायला सांगा. वाडीतली सातवी-आठवी झालेली एक मुलगी प्रत्येक फेरीत सोबत घ्या आणि फोनवर १०८ शी बोलायचं काम तिच्याकडे द्या. १०८, १०२, आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर हे चार नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर ऑइलपेंटने मोठे लिहून घ्या. खडूने लिहिलेले पहिल्या पावसात जातात. तुमचा स्वतःचा नंबर त्या भिंतीवर लिहू नका. तो त्या मुलीकडे असू दे, आणि काही अडलं तर ती लावेल.